पाऊस परवडला, ओल नको

पावसात भिजून कॅमेरा जागच्या जागी बंद पडला, असं क्वचितच घडतं. पण ट्रेकहून दमून आलो, सॅक कोपऱ्यात टेकवली, दुसऱ्या दिवशी ऑफिस, मग सॅक उचलून माळ्यावर, आणि दिवाळीनंतर कुणाच्या तरी साखरपुड्याला लेन्स बाहेर काढली तर काचेच्या आत बुरशी, ही गोष्ट मी डोंगरात फोटो काढणाऱ्या कितीतरी घरांत ऐकली आहे. आमच्या घरातही ती घडली. माझी ७०-२०० लेन्स त्यातच गेली.

दुरुस्तीवाल्याने लेन्स हातात घेतली, मोबाईलचा टॉर्च मागून तिरका धरला आणि मला डोळा लावायला सांगितलं. समोरून लख्ख दिसणाऱ्या काचेत कडेपासून मध्याकडे पसरत गेलेले बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले, कोळ्याने आत बसून जाळं विणावं तसे. ‘वरवरची असती तर पुसून दिली असती,’ तो म्हणाला, ‘हिने कोटिंग खाल्लंय.’ बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप कायमचा कोरला जातो. अशी काच कितीही पुसा, उजेडासमोर धरली की फोटोवर धुरकट पडदा येतोच. काच बदलण्याचा जो खर्च त्याने सांगितला, त्यात सेकंडहँड लेन्स आली असती.

तेव्हापासून पावसाळ्यात कोणता कॅमेरा घ्यावा असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, घरी आल्यावर तो ठेवणार कुठे?

बुरशीला पाणी लागत नाही, ओलसर हवा पुरते. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली, की तिचं भागतं. जुलैत कोकणात आणि घाटमाथ्यावर ही आर्द्रता ८०-९० टक्के असते. म्हणजे कपाटात बंद केलेली कॅमेऱ्याची बॅग ही बुरशीसाठी केलेली खास सोयच. त्यातही बॅगेतला फोम सगळ्यात वाईट. वरून कोरडा लागतो, आत आठवडाभर ओल धरून बसतो.

आणि ही ओल बॅगेत शिरते कशी, ते पाहण्यासारखं आहे. सॅकवर रेनकव्हर घातलं की आपण निर्धास्त होतो. पण रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं. पाणी मानेवरून पाठीवर येतं, पाठ आणि सॅक यांच्यामधून खाली ओघळतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. दोन-तीन तास चालल्यावर सॅकचं बूड कव्हरमधल्या डबक्यात बसलेलं असतं, आणि जड म्हणून लेन्स आपण नेमकी तळाशीच ठेवलेली असते. चांगल्या कव्हरला खाली पाणी जायला भोक असतं, तेही चिखलाने बुजतं. म्हणून रेनकव्हरवर विसंबू नका. सॅकच्या आत ड्राय बॅग घाला, तोंड तीन वळशांनी दुमडून बंद होणारी, आणि कॅमेरा तिच्यात. ओला रेनकोट, ओले मोजे, अर्धवट प्यायलेली पाण्याची बाटली यांतलं काहीही तिच्यासोबत नको.

घरी आल्यावरचा क्रम आता अंगवळणी पडलाय. आंघोळीच्या आधी कॅमेरा. बॅटरी आणि कार्ड बाहेर. सुती कापडाने, जुन्या धोतराचा किंवा नऊवारीचा तुकडा यासाठी कुठल्याही महागड्या कापडापेक्षा बरा, बाहेरचं सगळं पाणी टिपून घ्यायचं. पुसायचं नाही, टिपायचं. पुसलं की चिखलातली कच काचेवर आणि खाचांत फिरते. लेन्स बाहेर पूर्ण लांब करून तिची नळी टिपायची. फिल्टर काढायचा, कारण त्याच्या आट्यांत पाणी हमखास लपलेलं असतं. मग रात्रभर पंख्याखाली, टेबलावर. हेअर ड्रायर नको, त्याच्या गरम झोताने पाणी आणखी आत जातं. तांदळाच्या डब्यात पुरायचं तर अजिबात नाही. तांदूळ ओल फारशी ओढत नाहीत, पीठ मात्र खाचाखाचांत सोडतात. आणि कॅमेरा आत भिजल्याची शंका असेल, तर ‘चालू होतोय का बघू’ हा मोह आवरा. पाण्यापेक्षा त्या पाण्यातून वाहिलेली वीज जास्त नुकसान करते.

कोकणात समुद्रावर गेला असाल तर कोरडं टिपणं पुरत नाही. मीठ राहतं. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने एकदा, मग कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय तर खोलून धुवायचे.

ठेवायला ड्राय कॅबिनेट सगळ्यात उत्तम, काटा ४५-५० टक्क्यांवर. फार खाली नेऊ नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं. तेवढा खर्च झेपत नसेल, तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्यावरही काम भागतं. सिलिका नारिंगी घ्या, ओल प्यायली की ती हिरवी पडते. निळीत कोबाल्ट क्लोराइड असतं, लहान मुलांच्या घरात ती नकोच. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून ती परत वापरता येते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक लोक सिलिका आणतात आणि तीच हिरवी पुडी पुढची चार वर्षं डब्यात ठेवतात. त्यापेक्षा लेन्स शोकेसमध्ये उघड्यावर ठेवलेली परवडली, निदान उजेड आणि वारा तरी लागतो.

आता ‘वेदर सील्ड’ या शब्दांबद्दल. दुकानदार ते छातीठोकपणे सांगतो. सील म्हणजे सांध्यांवर रबर. शिंतोडे अडवण्यापुरतं ते ठीक, पण ते वॉटरप्रूफ नव्हे, आणि आत पाणी किंवा बुरशी गेली तर वॉरंटी सहसा हात वर करते. खरेदीआधी वॉरंटीच्या कागदावरचा बारीक मजकूर वाचा. काही लेन्सचं सील पुढे फिल्टर लावल्याशिवाय पुरं होत नाही, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. शिवाय झूम करताना लांब होणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते. धुक्यात उभं राहून ती सारखी आत-बाहेर करणं म्हणजे ओल हाताने भरणं. जुलै-ऑगस्टमध्ये मी शक्यतो ३५ मिमीची एकच प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घेऊन फिरतो. लेन्स बदलण्याचा प्रश्नच मिटतो.

कड्यांवरचा पाऊस तर वेगळाच. नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कोकणातून चढणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. छत्री बिनकामाची ठरते, आणि एरवी काचेला वाचवणारा लेन्सहूडच तिथे पाणी झेलतो. अशा वेळी वाऱ्याकडे पाठ करायची, फ्रेम मनात ठरवायची, वळून दोन-तीन क्लिक आणि परत पाठ. काचेवर थेंब आलाच तर आधी ब्लोअर, मग कापड. टी-शर्टचं टोक कधीच नाही. कोरड्या कापडांचे तुकडे वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवा, एकच असलं तर पहिल्या तासातच ते पाणी फासायच्या कामाचं होतं. कड्याच्या टोकाशी ट्रायपॉड लावायला जाऊ नका. ओल्या बेसॉल्टवरचं शेवाळ बुटांचे ब्रँड ओळखत नाही. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी धबधब्यावर मनाई आदेश काढला असेल, तर त्या ठिकाणचा फोटो त्या वर्षी नाही, एवढंच.

एवढी उस्तवार करायची ती का, तर ओल्या सह्याद्रीचा रंग कोरड्या दिवशी मिळत नाही. फक्त तो पकडायला पोलरायझर हवा. भिजलेल्या पानावर आणि कातळावर आभाळाची पांढरी चमक असते. पोलरायझर फिरवला की ती उतरते आणि खालचा हिरवा उघडा पडतो. बदल्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो, आणि समोर इंद्रधनुष्य असेल तर चुकीच्या कोनात फिरवलेला पोलरायझर तेच पुसून टाकतो. धुक्यात कॅमेरा फसतो, पांढऱ्याला करडं करतो; एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. धबधब्याला पाव सेकंद ते एक सेकंद मला पुरतो, त्याहून लांब ठेवला की पाण्याचा सगळा जोर जातो. पडता पाऊस दिसायला हवा असेल तर मागे गडद झाडी आणि शटर १/१२५ च्या आसपास. तोच पाऊस १/१००० वर काढला तर तो नुसते ठिपके होतो.

ओलीचा दुसरा सापळा गाडीत असतो. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण बेलवाडीत होतं. एका वर्षी आम्ही तिथे एसी गाडीतून गेलो, थेट मैदानाच्या कडेला उतरलो. गार पडलेल्या लेन्सवर बाहेरची दमट हवा बसली आणि काच दुधासारखी पांढरी झाली. पुसली, परत आली. पुसून काही होत नाही, काच बाहेरच्या हवेइतकी गरम व्हावी लागते आणि त्याला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. रिंगणात धावणारा अश्व तेवढा वेळ थांबत नाही. तेव्हापासून एसी गाडीत कॅमेरा ड्राय बॅगेत बंद असतो, आणि पोचायच्या अर्धा तास आधी मी एसी बंद करून काचा खाली करायला लावतो. ड्रायव्हरकाका कुरकुरतात.

वारीतल्या फोटोंबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. दिवे घाटाच्या वळणांवर हल्ली टाळकऱ्यांइतके कॅमेरेवाले दिसतात आणि सगळ्यांना वरून दिसणारी तीच नागमोडी रांग हवी असते. आकाशातून वारी कशी दिसते ते उद्धव ठाकरे यांनी ‘पहावा विठ्ठल’मध्ये २०११ सालीच दाखवलंय. संदेश भंडारे यांनी ‘वारी : एक आनंदयात्रा’मध्ये ती माणसांच्या बरोबरीने चालून दाखवली. मला दुसरी वाट पटते, आणि तिला अवजारं कमी लागतात. छोटा कॅमेरा, एक लेन्स, पाऊस. ड्रोनचा विचार असेल तर पोलिसांचे त्या वर्षीचे आदेश आधी वाचा, बंदी असते.

एका वारीत लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाकडे जाताना सर आली. मी कॅमेरा पोटाशी धरून झाडाखाली पळत होतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींनी थांबवलं. ‘आरं माउली, तुजं मशीन भिजंल की. धर ह्ये.’ त्यांनी पिशवीतून घडी काढून दिली, ती खताच्या गोणीच्या आतल्या जाड प्लॅस्टिकची. कोपऱ्याला लेन्सपुरतं भोक पाडलं, रबरबँड लावला, आणि वाखरीपर्यंत तेच माझं रेनकव्हर होतं. बाजारातल्या कव्हरांपेक्षा जाड आणि मोठं. फक्त ते आतून नीट धुऊन घ्या, युरियाचे कण हवेतली ओल ओढतात आणि धातू खातात. आजींचा फोटो मी त्यानंतर विचारून काढला. नीरा नदीत किंवा टँकरपाशी आंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो विचारूनही काढायचे नसतात. तिथे कॅमेरा पिशवीत.

रात्री दिंडीच्या तळावर दोन कामं: कार्डातले फोटो दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवणं आणि कॅमेरा तंबूच्या कनातीपासून लांब, ड्राय बॅगेत ताज्या सिलिकेसोबत ठेवणं. कनातीला टेकलेली बॅग पहाटेपर्यंत चिंब होते. फोटो तिथल्या तिथे पुसून कार्ड रिकामं करू नका, दोन कार्डं जास्त घ्या.

आणि पावसाळ्यानंतर जुनी लेन्स विकत घ्यायची असेल, मुंबईत बोरा बझारला असो की ओळखीच्याकडून, तर टॉर्च सोबत न्या. मागची आणि पुढची दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च मागून तिरका मारा आणि कडेकडेने बघा, मध्यात नाही. धूळ दिसली तर चालेल, ती फोटोत येत नाही. विकणारा म्हणाला, ‘आतून धूळ आहे, बाकी काही नाही,’ तरी त्या धुळीला फांद्या फुटलेल्या आहेत का ते बघा. फुटल्या असतील तर भाव कितीही पाडू दे, ती घरी आणू नका, तुमच्या दुसऱ्या लेन्सशेजारी तर नाहीच.