चौघांचे कुलूप

कोडी तुम्हांला आवडतातच. पण एकट्याने सोडवायचे कोडे निराळे आणि चौघांनी मिळून सोडवायचे निराळे. आज आपण दुसऱ्या प्रकारचे कोडे तयार करू या.

जपानमधील क्योतो शहरात २००७ साली ताकाओ कातो यांनी एक खेळ सुरू केला. खेळाडू एका खोलीत जातात, तेथील खुणा शोधतात, कोडी सोडवतात आणि ठरलेल्या वेळात बाहेर पडतात. या खेळाला 'एस्केप रूम' म्हणतात. आज तो मुंबई-पुण्यातही खेळला जातो.

आपण मात्र दार बंद करायचे नाही, बरे का! पोलंडमधील कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी अशाच एका ठिकाणी आग लागली. पंधरा वर्षांच्या पाच मुली आत अडकल्या आणि मरण पावल्या. म्हणून आपले कुलूप दाराला नाही, डब्याला लावायचे.

वर्गात मी हा खेळ पहिल्यांदा घेतला, तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. एका हुशार मुलाने त्या भराभर वाचल्या आणि कुलूप उघडले. बाकीचे तिघे नुसते पाहत राहिले. दोष त्या मुलाचा नव्हता, माझ्या कोड्याचा होता.

दुसऱ्या वेळी मी तीन आकड्यांचे कुलूप घेतले आणि चौघांना चार कोपऱ्यांत बसवले. चिठ्ठी वाचून सांगायची, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, एवढाच नियम. पहिल्या चिठ्ठीत होते, "थोरांपुढे तो राखतात. उर्दूत तीन अक्षरे." दुसरीत होते, "अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४." (अक्षरांना आकडे देण्याची ही अबजदची जुनी रीत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.) तिसरीत, "आकडे उलट क्रमाने लावा." चौथ्याच्या हाती फक्त कुलूप.

उत्तर 'अदब' आले. अलिफ, दाल, बे, म्हणजे १४२. पण कुलूप उघडेना! एकच आरडाओरडा सुरू झाला. तिसरी चिठ्ठी एका अबोल मुलीकडे होती. मराठी वाचताना चुकले तर सगळे हसतील, या भीतीने ती वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिने दोनदा हात वर केला, पण कोणाचे लक्ष गेले नाही. शेवटी कुलूपवाला मुलगा म्हणाला, "अगं, तुझ्याकडे काय आहे?" तिने अडखळत वाचले. कोणी हसले नाही. २४१ लावताच कुलूप उघडले.

तरीही माझे कोडे कच्चेच होते. तीन आकड्यांचे क्रम होतात सहा. एखादा चलाख मुलगा सहाही लावून पाहील आणि त्या मुलीला कोणी विचारणारच नाही. म्हणून पुढे मी तिसरी चिठ्ठी बदलली : "प्रत्येक आकड्यात २ मिळवा." आता उत्तर ३६४. हे नुसते क्रम बदलून सापडत नाही.

तुमचे कोडे असेच तपासा. एक चिठ्ठी लपवा आणि मित्रांना खेळू द्या. तरीही कुलूप उघडले, तर ती चिठ्ठी भरतीची समजा आणि नवी लिहा. वेळ पंधरा मिनिटे पुरे.

डब्यात काय ठेवायचे ते तुम्ही ठरवा. आम्ही लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. मोजून चारच होत्या, त्यामुळे मला एकही मिळाली नाही.