जवळून पाहण्याची विद्या

सहलीस गेलों कीं आपण डोंगराचें, धबधब्याचें, किल्ल्याच्या बुरुजाचें चित्र घेतों. परंतु ज्या पायरीवर आपण उभे असतों तिच्या भेगेंत वाढलेल्या शेवाळाकडे क्वचितच कोणी वांकून पाहतो. अशा जवळच्या व लहान वस्तूंचीं छायाचित्रें घेण्याच्या कलेस ‘मॅक्रो फोटोग्राफी’ असें म्हणतात. हल्लीं बहुतेक घरांत मोबाईल फोन असल्यामुळें ही कला विद्यार्थ्यांच्या हातीं सहज येण्याजोगी झाली आहे. म्हणून तिची थोडी ओळख येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तिचें माप समजून घेऊं. एक मुंगी ६ मिलिमीटर लांब आहे असें समजा. भिंगामागें ज्या पृष्ठभागावर चित्र उमटतें (पूर्वीं ही फिल्म असे, आतां बहुधा सेन्सर असतो) त्यावर तिची प्रतिमाहि ६ मिलिमीटर लांब पडली, तर प्रमाण एकास एक झालें. या प्रमाणास पोंचलेलें चित्र तें खरें मॅक्रो चित्र, असें जाणते लोक मानतात. मोठ्या कॅमेऱ्यांतील सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावरील चित्र ३० सेंटिमीटर रुंद कागदावर छापिलें, म्हणजे आपली मुंगी ५ सेंटिमीटर लांब होते, व एरवीं न दिसणारी तिच्या अंगावरील लव दिसूं लागते.

परंतु जितकें जवळ जावें तितका स्पष्टपणाचा पट्टा अरुंद होत जातो. एकास एक प्रमाणाच्या चित्रांत, भिंगाचें द्वार मध्यम उघडें असतां, हा पट्टा केवळ एखाद्या मिलिमीटरचा असतो. मुंगीचा डोळा रेखीव आला तर मागचा पाय धुरकट होतो. द्वार लहान केलें तर पट्टा वाढतो, पण उजेड कमी पडतो. मग चित्र उमटण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्यांत वाऱ्याची एक झुळूक किंवा आपला श्वाससुद्धां सर्व बिघडवून टाकतो. यास्तव सकाळची, वारा पडलेली वेळ उत्तम. कॅमेऱ्याचें चक्र फिरवीत बसण्यापेक्षां आपलें अंग किंचित् पुढेंमागें झुकवावें, आणि हवा तो भाग स्पष्ट दिसतांच चित्र घ्यावें.

या विद्येंत खरें भांडवल धीराचें आहे, हें विल्सन बेंटले याच्या चरित्रावरून दिसून येईल. हा शेतकऱ्याचा मुलगा १८६५ सालीं अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यांत जन्मला व जेरिको या गांवीं वाढला. त्याची आई पूर्वीं शिक्षिका होती. तिनें त्यास पंधराव्या वर्षीं एक सूक्ष्मदर्शक यंत्र दिलें. त्याखालीं हिमकण ठेवून तो त्यांचीं चित्रें हातानें काढूं लागला. परंतु चित्र पुरें होण्यापूर्वींच कण वितळून जाई. अखेरीस सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून, १५ जानेवारी १८८५ रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यानें हिमकणाचें पहिलें छायाचित्र मिळविलें. थंडगार खोलींत उभें राहावयाचें, काळ्या फळीवर कण झेलावयाचा, बारीक काडीनें तो कांचेवर ठेवावयाचा, आणि श्वास रोधून चित्र घ्यावयाचें, असा त्याचा क्रम होता. या रीतीनें त्यानें पांच हजारांहून अधिक चित्रें घेतलीं. त्यांतील दोन हजारांहून अधिक चित्रांचा ‘स्नो क्रिस्टल्स’ हा ग्रंथ १९३१ सालीं निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो निवर्तला.

आपल्याकडे हिम नसलें तरी दंव आहे, आणि बेंटलेनें दंवाचींहि चित्रें घेतलीं होतीं. हिवाळ्यांतील पहाटे गवताच्या पात्यावरील थेंबांत पाहा. मागचें फूल त्यांत उलटें दिसेल, कारण थेंब हेंच एक भिंग आहे. घरांतहि विषयांस तोटा नाहीं. बारीक मिठाचे दाणे जवळून पाहिले तर चौकोनी पेटीसारखे दिसतात. वर्तमानपत्रांतील हिरव्या झाडाचें चित्र पाहिलें तर त्यांत हिरवी शाई नसून निळे व पिवळे ठिपके शेजारीं शेजारीं बसलेले आढळतात. फोनमध्यें जवळचें चित्र घेण्याची सोय नसल्यास घड्याळजी डोळ्यास लावतो तसलें भिंग फोनच्या भिंगापुढें धरावें. तेवढ्यानेंहि काम भागतें.

आतां आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. आमच्या परसांतील कढीलिंबावर एका श्रावणांत लिंबाळी फुलपाखरानें अंडीं घातलीं. अळ्या प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत, त्यामुळें शत्रूचें लक्ष त्यांकडे जात नसे. पुढें त्या पानासारख्या हिरव्या झाल्या. हें सर्व आम्हीं रोज चित्रांत टिपून ठेविलें. एके सकाळीं कोषांतून फुलपाखरूं बाहेर आलें. त्याचे पंख ओल्या, चुरगळलेल्या वस्त्रासारखे होते. अशा वेळीं तें पंख खालीं सोडून स्वस्थ लोंबकळतें; शरीरांतील द्रव पंखांच्या शिरांत भरतो, पंख पसरतात व मग वाळून ताठ होतात. हें आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें. तरी एक पान आड येत होतें म्हणून आम्हीं डहाळी ओढली. फुलपाखरूं खालीं पडलें. तें पुन्हां वर चढेपर्यंत उशीर झाला होता; एक पंख वांकडाच वाळला. आम्हीं त्यास साखरेचें पाणी पाजिलें, परंतु तें उडूं शकलें नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं मेलें. त्या सकाळचें चित्र फार स्पष्ट आलें आहे. पण आम्ही तें कोणास दाखवीत नाहीं.

म्हणून विद्यार्थी मित्रांस आमची विनंती आहे कीं, चित्रासाठीं डहाळी मोडूं नका, घरटें उघडूं नका, आणि किडा हालूं नये म्हणून त्यास थंड पेटींत कोंडूं नका. पान आड आलें तर आपण जागा बदलावी. तेवढ्यानें न जमलें तर तें चित्र सोडून द्यावें. पालकांसहि एक सांगावेंसें वाटतें. मुलाच्या हातांत फोन पाहून आपण रागावतां, आणि पुष्कळदां तें योग्यहि असतें. परंतु एखाद्या सकाळीं तो कुंडीपुढें गुडघे टेकून श्वास रोधून बसलेला दिसला, तर त्यास हांक मारूं नका. जमल्यास शेजारीं बसून तो काय पाहतो तें आपणहि पाहावें.