एक नियम, एके ठिकाणी
(तंत्रस्नेही शिक्षकांसाठी पाठ : कार्यालयीन संगणकांची स्वयंचलित प्रॉक्सी सेटिंग)



यू-डायसची माहिती भरावयास आपण तालुक्याच्या गावी जातो. तेथे एका संगणकावर संकेतस्थळ उघडते, शेजारच्यावर उघडत नाही. कार्यालयात नीट चालणारा लॅपटॉप शाळेत आणताच अडून बसतो. आपण तारेला किंवा कंपनीला दोष देतो. पुष्कळदा दोष एका सेटिंगचा असतो. ती सेटिंग कशी चालते, हे समजून घेणे हा या पाठाचा उद्देश होय.

प्रॉक्सी म्हणजे काय? अनेक कार्यालयांतील संगणक इंटरनेटशी थेट व्यवहार करीत नाहीत. मधला एक संगणक त्यांची मागणी पुढे नेतो व उत्तर परत आणतो. हाच प्रॉक्सी. तो नोंद ठेवतो व नको ती संकेतस्थळे अडवितो. मात्र कार्यालयाच्या आतल्याच संगणकाकडे जावयाचे असल्यास त्याची मध्यस्थी नको असते.

जुनी रीत. प्रॉक्सीचा पत्ता प्रत्येक संगणकावर हाताने लिहिणे, ही जुनी रीत. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत. प्रत्येक पंचायत समितीत ५ संगणक आहेत असे समजू. एकूण ७५ झाले. पत्ता एकदा बदलला की ७५ ठिकाणी दुरुस्ती आली. त्यांपैकी एक जरी राहिला, तरी नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोणा शिक्षकाची माहिती अडते.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धती आपणांस परिचित आहे. तेथे पाण्याचा नियम सर्वांचा मिळून एक असतो व पाटकरी त्याप्रमाणे पाणी देतो. ज्याने त्याने आपल्या मर्जीने पाट फोडावयाचा नसतो. संगणकांसाठीही तसेच करता येते.

नवी रीत. १९९६ साली नेटस्केप ब्राउझरने ही सोय प्रथम आणली. जावास्क्रिप्ट भाषेतील एक लहानशी फाइल, जिला पॅक फाइल म्हणतात, ती एकाच सर्व्हरवर ठेवावयाची. प्रत्येक संगणकाला प्रॉक्सीचा नव्हे, तर या फाइलचा पत्ता द्यावयाचा. कोणतेही संकेतस्थळ उघडण्यापूर्वी ब्राउझर फाइलमधील नियमांना विचारतो, ‘कोठून जाऊ?’ उत्तर मिळते, ‘थेट जा’ किंवा ‘अमुक प्रॉक्सीमार्फत जा’. नियम साधारणतः असे असतात :

१. नावात एकही टिंब नसेल, तर ते आतलेच ठिकाण, थेट जावे.
२. पत्ता कार्यालयाच्या आतल्या जाळ्यातील असेल, तर थेट जावे.
३. अन्यथा प्रॉक्सीमार्फत जावे.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिले उत्तर मिळताच वाचन थांबते. म्हणून क्रमाला फार महत्त्व आहे. लीप वर्षाचे उदाहरण घ्यावे. ४ ने भाग जातो की नाही एवढेच आधी पाहून थांबलो, तर १९०० हे लीप वर्ष ठरेल, आणि ते चूक आहे. ४०० ची कसोटी आधी, मग १०० ची व शेवटी ४ ची. विशेष नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली, हे सूत्र येथेही लागू पडते.

लॅपटॉप शाळेत नेला असता ही फाइल सापडत नाही. अशा वेळी बहुतेक ब्राउझर सक्तीचे धोरण नसल्यास थेट मार्ग धरतात. त्यामुळे आरंभी सांगितलेली अडचण दूर होते.

सर्व संगणकांवर योजना. संगणक विंडोज डोमेनमध्ये असल्यास ग्रुप पॉलिसीने फाइलचा पत्ता एकदम सर्वांना देता येतो. डोमेन नसल्यास लहान स्क्रिप्ट लिहावी. विंडोजमध्ये ही सेटिंग सामान्यतः प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी असते; म्हणून स्क्रिप्ट लॉगिनच्या वेळी चालावी. क्रोम व एज विंडोजची सेटिंग पाळतात. फायरफॉक्सला स्वतःची सेटिंग असते; तीत ‘सिस्टिमची प्रॉक्सी सेटिंग वापरावी’ हा पर्याय निवडलेला आहे का, ते पाहावे.

दक्षता. जेथे नियम एक, तेथे चूकही सर्वांची. एक कंस राहिला तरी ७५ ही संगणकांवर परिणाम होतो. यास्तव बदल आधी एका संगणकावर तपासावा व जुनी प्रत जपून ठेवावी. फाइल बदलण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींकडे असावा; कारण जो ती बदलील तो सर्वांची वाहतूक हवी तिकडे वळवू शकेल. ‘आपोआप शोधा’ हा पर्याय बंद ठेवून पत्ता स्पष्ट द्यावा. त्या पर्यायात संगणक ‘डब्ल्यूपॅड’ हे नाव शोधीत राहतो आणि कार्यालयाबाहेर भलताच कोणी त्याला उत्तर देऊ शकतो. मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने याविषयी इशारा दिला होता.

स्वाध्याय

१. वरील तीन नियमांपैकी तिसरा नियम प्रथम लिहिल्यास काय होईल?
२. आपल्या तालुका कार्यालयातील एका संगणकाची प्रॉक्सी सेटिंग, काहीही न बदलता, पाहून यावी. तेथे प्रॉक्सीचा पत्ता आहे की फाइलचा, याची वहीत नोंद करावी व पुढील केंद्रसंमेलनात ती मांडावी.