कांदाचाळीच्या छपरावर सौर पॅनेल बसेल का?



शेतातलं सौर पॅनेल म्हटलं की जमिनीत रोवलेला लोखंडी सांगाडा डोळ्यासमोर येतो. पण तेवढी जागा पिकाखालून जाते. म्हणून बरेच शेतकरी विचारतात, गोठ्यावर किंवा कांदाचाळीवर पॅनेल बसवता येईल का? येतं, पण प्रत्येक छपरावर नाही.

पहिली भीती असते वजनाची. छप्पर खचेल म्हणतात. आकडेमोड करून बघूया. २ चौरस मीटरच्या पॅनेलचं वजन साधारण २२ किलो, म्हणजे चौरस मीटरला ११ किलो. नीट बांधलेल्या चाळीला हे फार नाही.

खरा धोका उलट्या दिशेचा आहे. वारा पॅनेलच्या खाली शिरतो आणि त्याला वर उचलतो. वाऱ्याचा दाब काढायचं सोपं सूत्र आहे: ०.६ × वेगाचा वर्ग. (हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलो, तिचं अर्धं ०.६.) वादळात वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर झाला, तर ०.६ × ३० × ३० = ५४० न्यूटन प्रति चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५५ किलो वजनाइतका जोर! एका पॅनेलवर ११० किलो. छपराचा उतार, उंची, कडेची जागा यांनुसार हा जोर कमी-जास्त होतो, पण २२ आणि ११० मधला फरक लक्षात घ्या.

आता बघा, उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि वळवाची वादळं त्याच दिवसांत येतात. पॅनेलसकट पत्रा उडाला तर खालचा कांदा भिजून सडतो. वर्षाची कमाई गेली! म्हणून पॅनेलचा सांगाडा नुसत्या पत्र्याला स्क्रूने धरायचा नाही. त्याचे बोल्ट पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला, अँगल खांबाला आणि खांब काँक्रीटच्या पायात, अशी पकड हवी. पत्रे दगड ठेवून धरलेले असतील तर ते छप्पर पॅनेलचं नाही, हे सरळ सांगावं. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊन चढू नये, तो फुटतो.

दिशेचं काय? आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे असतो. दुपाखी चाळीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, त्यामुळे छपराची एक बाजू आपोआप दक्षिणेकडे उतरते. पॅनेल तिथेच बसवायचं. पत्रा आणि पॅनेल यांच्यात हवा खेळायला फट ठेवायची. तापलेलं पॅनेल वीज कमी देतं. शिवाय पॅनेलच्या सावलीने पत्रा कमी तापतो, तो कांद्याचा फायदा. मात्र बाजूच्या जाळ्या पेट्या-वायरींनी झाकल्या तर चाळीचा उपयोगच संपला.

पॉलिहाऊस आणि द्राक्षाचा मांडव मात्र सोडून द्या. तिथे पाइप-तारा हलक्या आणि झाडांना ऊन हवं.

स्वाध्याय
जवळचा गोठा किंवा चाळ बघा. (वर चढायचं नाही, खालूनच!) खांब काँक्रीटमध्ये आहेत की मातीत? पत्रे कशाने धरलेत? सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता झाडाची सावली छपरावर कुठे पडते? वाऱ्याचा वेग सेकंदाला २० मीटर असेल तर त्याच पॅनेलवर किती जोर येईल? वहीत सोडवून आणा.