खुल्या रात्रीचे श्रोते

गायन ही कला आहे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु श्रवण हीदेखील शिकावी लागणारी कला आहे, हे फार थोडे लोक ध्यानी घेतात. विद्यार्थिमित्रहो, तिचे शिक्षण जेथे हजारोंनी एकत्र बसून घेतले, अशा दोन संगीतमेळ्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे. एक पुण्याचा, दुसरा सातासमुद्रापलीकडचा.

धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर हे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. रसिकांनी त्यांस ‘सवाई गंधर्व’ म्हणून गौरविले. त्यांच्याच एका शिष्याने, भीमसेन जोशी यांनी, वयाच्या अकराव्या वर्षी, 1933 साली, गुरूच्या शोधार्थ घर सोडले होते. तो मुलगा आपल्या ग्वाल्हेरपर्यंत आला, आणखी उत्तरेस जालंधरपर्यंत गेला. आणि तेथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्यास सांगितले, की तू शोधतोस तो गुरू तुझ्या घराजवळच आहे. 1952 साली सवाई गंधर्व निवर्तले. दुसऱ्याच वर्षी, 1953 मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने पुण्यात संगीतोत्सव सुरू झाला, आणि भीमसेनांनी तो पुढे अनेक दशके स्वतः सांभाळला.

या उत्सवास जाणे म्हणजे काय असे? डिसेंबरची कडाक्याची थंडी, मैदानावर उभारलेला विशाल मंडप, आणि खाली भारतीय बैठक. लोक शाली, घोंगड्या, फराळाचे डबे घेऊन येत. प्राध्यापक, कारकून, दुकानदार, विद्यार्थी मांडीला मांडी लावून बसत. लहान मुले आईच्या कुशीत झोपत आणि तंबोऱ्याच्या झंकारातच पहाटे डोळे उघडीत. आपल्या संगीतात प्रत्येक रागास समय नेमून दिलेला आहे. त्यामुळे रात्र जसजशी सरे, तसतसे रागही बदलत. मावळतीस मारवा, मग यमन, रात्र चढल्यावर बागेश्री, मध्यरात्रीच्या सुमारास मालकंस आणि दरबारी, आणि पूर्व उजळण्याच्या बेतास ललत. घड्याळ न पाहताही पहाट झाल्याचे श्रोत्यास कळे. पुस्तकातील रागसमयाचे कोष्टक येथे असे प्रत्यक्ष अनुभवास येई.

आता दुसऱ्या मेळ्याकडे वळू. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बेथेल या गावी, मॅक्स यासगर नावाच्या गवळ्याच्या शेतावर, ‘वुडस्टॉक’ या नावाने संगीताचा मेळा भरला. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालू होते. त्या युद्धास आणि वडीलधाऱ्यांच्या चाकोरीस विटलेली तरुण पिढी तेथे लोटली. चालकांनी पन्नास हजार लोक येतील असे गावास सांगितले होते. आले सुमारे चार लाख! कुंपण अपुरे राहिले, म्हणून तिकीट रद्द करून मेळा सर्वांस खुला करावा लागला. रस्ते मोटारींनी तुंबले, कलावंतांस हेलिकॉप्टरने आणावे लागले. इतर मंडळी वाटेत अडकल्यामुळे रिची हेवन्स या गायकास पुनःपुन्हा गावे लागले. गाणी संपली तेव्हा त्याने व्यासपीठावरच एक नवे रचिले. पाऊस कोसळला, शेताचा चिखल झाला, अन्न संपले. तेव्हा भोवतालच्या गावकऱ्यांनी खाद्यपदार्थ पाठविले. एवढ्या अडचणीतही मारामारी जवळजवळ झाली नाही, ही गोष्ट खचित गौरवाची होय. परंतु मादक पदार्थांचे सेवन तेथे उघड चालले होते आणि त्यापायी प्राणहानीही झाली, हेही सांगितले पाहिजे.

त्याच मेळ्यात पहिल्या रात्री, पावसात, पंडित रविशंकर यांनी सतार वाजविली. तबल्यास उस्ताद अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. त्या नशेच्या वातावरणाचा पंडितजींस विषाद वाटला, आणि तो त्यांनी पुढे स्पष्टपणे सांगितला. दोन वर्षांनी, 1 ऑगस्ट 1971 रोजी, न्यूयॉर्क शहरात बांगला देशाच्या निर्वासितांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्यांनी वाद्ये सुरात लावताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! पंडितजींनी त्यांस विनोदाने बजावले, की वाद्य जुळविणेच एवढे आवडले असेल, तर वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे. या श्रोत्यांस आपण हसू नये. टाळी अवेळी पडली, तरी परक्या कलेविषयी आदर तीत होता. ज्ञान मागाहून येऊ शकते. आदर मात्र आधी असावा लागतो.

पुण्याच्या त्या रात्रीही आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. वर्षातील मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. 2011 मध्ये भीमसेन गेले आणि महोत्सवास त्यांचेही नाव जोडले गेले. तो आजही भरतो. पण दुपारपासून रात्रीपर्यंत. मंडपातला ललत रात्रभर जागून ऐकण्याचे भाग्य आता लाभत नाही.

हा नियम अन्यायाचा आहे काय? रुग्ण, तान्हे मूल, परीक्षेचा विद्यार्थी यांच्या झोपेचा हक्क कोणत्याही रागाहून श्रेष्ठ आहे. तथापि हानी झाली, हेही खरे. मग उपाय कोणता? निर्बंध आहे तो मैदानावरील ध्वनिक्षेपकास, तंबोऱ्यास नव्हे. आपल्या इंदुरात उस्ताद अमीर खाँ वाढले. जवळच्या देवासास 1948 पासून कुमार गंधर्व राहिले. ही परंपरा मुळात खोलीभर श्रोत्यांच्या बैठकीवर पोसली आहे. सुदामा नगरातील एखाद्या घरी, दारे लावून, वीस माणसे सतरंजीवर बसली आणि एकाने हळुवारपणे मालकंस आळविला, तर शेजाऱ्याची झोप मोडणार नाही आणि रागासही त्याचा समय लाभेल.

यासाठी मोठे द्रव्य नको. येत्या सुट्टीत घरातील वडीलमाणसांस विचारा, की त्यांनी रात्रभर जागून कोणाचे गाणे ऐकले. आणि मग एक राग निवडून त्याच्याच समयी, मध्येच न उठता, शेवटपर्यंत ऐका.