व्हिडिओच्या नावातून पाठ ओळखू या : रेग्युलर एक्सप्रेशनची ओळख

समजा, माकणीतल्या एका घरात एकच मोबाईल आहे. वडील संध्याकाळी शेतातून आले की तो मुलीच्या हातात येतो, तोही तासभर. तिला पाठ 2 पाहायचा आहे, पण यादीत आधी पाठ 10 दिसतो. असे का होते?

अक्षरक्रमाने नावे लावताना संगणक 10 ही संख्या म्हणून वाचत नाही. तो आधी फक्त 1 पाहतो. 1 हा 2 च्या आधी, म्हणून पाठ 10 सुद्धा आधी!

आता हे नाव पाहा :

इ4_परिसर_पाठ10_तेरणाधरण.

आपल्याला ते वाचता क्षणी कळते. संगणकाला मात्र नावाचा साचा सांगावा लागतो. या साच्यालाच रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. ही कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी 1950 च्या दशकात मांडली. आपला साचा असा :

[इई]([0-9०-९]+)_([^_]+)_पाठ([0-9०-९]+)_([^.]+)

घाबरू नका, एकेक तुकडा पाहू.

• [इई] : दोन्हींपैकी कोणतेही एक अक्षर. घाईत कुणी 'ई4' लिहिले तरी चालेल.
• [0-9०-९]+ : एक किंवा अधिक अंक. संगणकासाठी 5 आणि ५ ही वेगळी चिन्हे आहेत, म्हणून दोन्ही द्यायची.
• [^_]+ : खालची रेघ येईपर्यंत सगळे. इथे विषय मिळतो.
• [^.]+ : टिंब येईपर्यंत सगळे. इथे पाठाचे नाव मिळते.
• गोल कंस : हा भाग वेगळा काढून दे.

गुगल शीटमध्ये फाइलींची नावे एका स्तंभात लिहा. 'रेजेक्सएक्स्ट्रॅक्ट' या सूत्रात हा साचा द्या. इयत्ता, विषय, पाठ क्रमांक आणि नाव असे चार स्तंभ तयार होतात. लक्षात ठेवा, मिळालेला क्रमांक अजून मजकूरच असतो. तो संख्येत बदला आणि मगच क्रम लावा.

पण साचा चालतो तो नावात शिस्त असेल तरच. 'नवीन व्हिडिओ फायनल' अशा नावातून कोणताच साचा पाठ शोधू शकत नाही. म्हणून पुढचा व्हिडिओ पाठवताना पाठ2 ऐवजी पाठ02 लिहा. एवढ्या एका शून्याने यादी आपोआप क्रमाने लागते आणि त्या मुलीचा तास शोधण्यात नाही, शिकण्यात जातो.

करून पाहा आणि आपल्या सहकाऱ्यांनाही सांगा.