लाईट गेली, परत आली... देखावा पुन्हा बोलला का? प्युअर डेटाची स्टार्टअप सेटिंग



गणपतीच्या देखाव्यांना आवाजाची यंत्रणा करून देण्याच्या धंद्याबद्दल आपण मागच्या व्हिडिओत बोललो. आजच्या व्हिडिओत प्युअर डेटा, म्हणजे आपला पीडी, कसा सुरू करायचा ते स्क्रीनवर दाखवलंय. कमांड अक्षर न अक्षर तिथे दिसतात, त्या तिथूनच उतरवून घ्या. इथे मी फक्त 'असं का?' ते सांगणार आहे. कारण मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा कमांड बरोबर होत्या आणि तरीही अर्धं पेमेंट अडकलं.

आधी थोडी ओळख. पीडी मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिला. त्याआधी पॅरिसच्या इरकाम संस्थेत 'मॅक्स' हा प्रोग्रॅम त्यांनीच सुरू केला होता. पीडी फुकट आहे आणि त्याच्या लायसन्समध्ये धंद्यासाठी वापरायला बंदी नाही, म्हणजे कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डवर तो चालतो. पॅच म्हणजे चौकोन आणि तारा जोडून केलेलं आवाजाचं सर्किट. एवढं पुरे.

आता माझी फजिती. देखावा बाजीप्रभूंचा होता. निवेदन बारा मिनिटांचं, शेवटी विशाळगडावरून तोफा. लाइट आणि मोटरचा टायमर वेगळ्या बोर्डवर. घरी लॅपटॉपवर सगळं झकास. मांडवात पायवर लावलं आणि बाजीप्रभू चिरक्या आवाजात बोलायला लागले! वर तोफा धडाडल्या तेव्हा मोटर अजून पालखीच पुढे नेत होती. लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

काय झालं होतं? निवेदन ४४,१०० सॅम्पल रेटला रेकॉर्ड केलेलं. लॅपटॉपवर पीडीही ४४,१०० वर, म्हणून चूक दिसलीच नाही. पायवर मी ४८,००० ठेवलं होतं. डिस्कवरून फाइल वाचणारा 'रीडएसएफ टिल्डा' हा ऑब्जेक्ट रेट स्वतः बदलून घेत नाही, आहेत ती सॅम्पल तशीच पुढे ढकलतो. मग आवाज जवळपास दीड सेमिटोन वर जातो आणि ७२० सेकंदांचं निवेदन साधारण ६६१ सेकंदांत संपतं. जवळजवळ एक मिनिट आधी. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो: सगळ्या फाइल आधीच ४८,००० ला करून घेतो, आणि पीडी सुरू करताना तोच रेट कमांडमध्ये स्पष्ट लिहितो. 'डीफॉल्ट असेल ते असेल' हे गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. पीडीत सेटिंग दोन ठिकाणी राहतात. एक, प्रेफरन्सेसच्या खिडकीत भरून सेव्ह केलेली. दुसरी, सुरू करतानाच कमांडला जोडलेले फ्लॅग. नवशिका माणूस खिडकीत सगळं भरतो, सेव्ह करतो, आणि खूश. पण लिनक्सवर ही सेटिंग त्या त्या यूजरच्या फोल्डरमध्ये एका लपलेल्या फाइलीत जातात. मशीन चालू होताना सिस्टिम पीडीला दुसऱ्या यूजरच्या नावाने उठवत असेल, तर त्याला तुमची फाइल दिसतच नाही. हाताने उघडलं की वाजतं, आपोआप उघडलं की मुकं. यात माझे दोन दिवस गेले. म्हणून मी 'नोप्रेफ्स' फ्लॅग लावून सेव्ह केलेलं सगळं बाजूला ठेवतो आणि रेट, बफर, साउंड कार्ड, कुठला पॅच उघडायचा, हे सगळं एकाच कमांडमध्ये लिहितो. ती ओळ कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी तुम्हीच विसरलेले असता.

साउंड कार्ड नंबरने देऊ नका, नावाने द्या. लाईट जाऊन आली की यूएसबी कार्डाचा नंबर बदलू शकतो. कालचा एक आज दोन होतो. आणि कार्ड सापडलं नाही तर पीडी बंद पडत नाही, तक्रारीची एक ओळ लिहून गप्प चालू राहतो. त्यामुळे 'बंद पडला तर पुन्हा सुरू कर' ही सिस्टिमडीची सेटिंग अशा वेळी कामाची नाही, कारण तिच्या दृष्टीने सगळं ठीकच आहे. मी सुरू करण्याआधी दहा सेकंद थांबायला लावतो, तोवर कार्ड जागं होतं.

आणखी एक. पीडी उघडतो तेव्हा आवाजाचं गणित बंद असतं. पॅच उघडला तरी शांतता. पॅचमध्ये 'लोडबँग' ठेवा आणि त्यातून 'पीडी डीएसपी १' हा मेसेज जाऊ द्या, म्हणजे ते स्वतः चालू होईल. जादा लायब्ररी लागत असतील तर त्या स्टार्टअपच्या यादीत न घालता पॅचमध्येच 'डिक्लेअर' ऑब्जेक्टने सांगा. पॅच दुसऱ्या मशीनवर नेला तरी यादी सोबत जाते.

परफॉर्मन्सकडे येऊ. पीडी ६४ सॅम्पलच्या घासात काम करतो. ४८,००० वर एक घास म्हणजे साधारण १.३३ मिलिसेकंद. घास वेळेत तयार झाला नाही की 'टक्' असा आवाज येतो. बफर, म्हणजे डिले, वाढवला की पीडीला उसंत मिळते. नेटवर सगळे बफर कमी करायच्या मागे असतात, कारण ते गिटार वाजवत असतात. बोट आणि आवाज यांत अंतर नको असतं त्यांना. आपला देखावा गिटार नाही! निवेदन शंभर मिलिसेकंद उशिरा सुरू झालं तर कोणाला कळणार? मी ८० ते १०० ठेवतो आणि स्वस्त बोर्डवर निभावतो. माइकवरून कोणी बोलणार असेल तर मात्र हे चालणार नाही, ते काम वेगळं कोट करा.

'नोजीयूआय' फ्लॅग लावला की खिडकी उघडतच नाही. हलणारे मीटर, नंबर बॉक्स, आलेख यांचं चित्र काढण्यात छोट्या बोर्डाचा जीव जातो, आणि ते बघायला मांडवात कोणी नसतं. टेस्ट करताना खिडकी ठेवा, मीडिया मेनूतल्या लोड मीटरवर नजर ठेवा. पायवर तो आकडा निम्म्याच्या खाली असला तरच मी माल बाहेर काढतो. प्रत्येक प्रवेश वेगळ्या सबपॅचमध्ये टाकून 'स्विच टिल्डा'ने फक्त चालू प्रवेश जागा ठेवा, लोड चांगलाच खाली येतो. आणि दुकानदार 'जास्त कोअरवालं घ्या' म्हणाला तर हसून नाही म्हणा, पीडी आवाजाचं गणित मुळात एकाच कोअरवर करतो.

उष्णता विसरू नका. पाय ८० अंशांपासून स्वतःचा वेग कमी करायला लागतो. प्लायवूड आणि कापडाच्या मागे कोंडलेला डबा तिथवर पोचू शकतो. घरी पंख्याखाली केलेली टेस्ट धरू नका. डब्याला भोकं आणि छोटा पंखा हवाच.

सगळं जमलं की शेवटी ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. त्यामुळे कार्डावर काही लिहिलं जात नाही आणि लाईट अचानक गेली तरी कार्ड खराब होण्याची भीती बरीच कमी होते. हे केल्याशिवाय प्लग काढून टेस्ट करू नका. केल्यावर मात्र दहा-पंधरा वेळा खुशाल काढा, लावा.

आणि आता ते अडकलेलं पेमेंट. रेट सुधारला, सगळं आपोआप सुरू व्हायला लागलं, मी निवांत घरी झोपलो. रात्री अडीचला गेलेली लाईट आली. पाय उठला, पीडी उठला, निवेदन सुरू! झोपलेल्या गल्लीत तोफा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी असते, हे तुम्हाला माहीत आहे. कार्यकर्त्यांना पोलीस चौकीत जाऊन समजूत घालावी लागली, आणि खजिनदारांनी उरलेली रक्कम थांबवली. मला राग नाही आला. चूक माझीच.

मला वाटलं, घड्याळ बघून गप्प बसायला शिकवू. पण पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसेल तर लाईट आल्यावर त्याला किती वाजले तेच कळत नाही. म्हणून आता मी 'सुरू होणं' आणि 'वाजणं' वेगळं ठेवतो. लाईट आली की पीडी उठतो, गणित चालू होतं, पहिली फाइल उघडून तयार राहते, आणि तो थांबतो. कार्यकर्त्याने हिरवं बटण दाबलं की खेळ सुरू. बटण बोर्डाच्या पिनला जोडलंय, एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट ते वाचून पीडीतल्या 'नेटरिसीव्ह'ला कळवते. कीबोर्डचं बटण वापरायला जाऊ नका, खिडकीशिवाय चालणाऱ्या पीडीला कीबोर्ड कळत नाही.

कोटेशनमध्ये ही ओळ मी आता वेगळी लिहितो: 'लाईट आल्यावर यंत्रणा आपोआप तयार, खेळ बटणानेच सुरू.' अध्यक्षांची सही त्याच ओळीशेजारी घेतो.